घरच्यांना केलेले दोन फोन

माझा आवाज मोठा आणि हात लवकर सुटतो. वडील ठाण्यातल्या एका शाळेत पी.टी. शिकवायचे. त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची, शिट्टीला जाड दोरी, आणि घरी आल्यावर ती दोरी आम्हा भावंडांच्या पोटऱ्यांवर बसायची. आई वळांवर खोबरेल चोळायची आणि म्हणायची, "तुझ्या भल्यासाठीच मारतात गं." मी ते खरं मानलं. इतकं खरं मानलं की पुढे ज्यांचं भलं करायचं काम माझ्याकडे आलं, त्यांच्याशी मी कधी धड गोड बोलले नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. डोंबिवलीत राहते आणि बरीच वर्षं ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या संशोधन विभागात नोकरी करत होते. आता करत नाही. का करत नाही, तेच सांगते आहे.

पहिला अभ्यास होता धावताना पाय दुखावलेल्या लोकांवर. आमच्याकडे दोन जातीचे लोक यायचे. एक, मॅरेथॉनवाले: महागडे बूट, मनगटावर घड्याळ, गुडघा दुखला तरी त्याचा आलेख काढून आणणारे. दुसरे, पोलीस भरतीची पोरं-पोरी: झिजलेले बूट, डांबरी रस्त्यावर पहाटे धावायचं, आणि दुखणं सांगायचं ते लंगडायला लागल्यावरच. चिठ्ठी काढून आम्ही त्यांचे दोन गट करायचो. एका गटाने सहा आठवडे धावणं पूर्ण बंद ठेवायचं, दुसऱ्याने दुखणार नाही इतकंच धावायचं. कोणाचं हाड लवकर जुळतं ते बघायचं. रोज काय केलं ते सगळ्यांनी वहीत लिहायचं. सुरुवातीला प्रत्येकाकडून संमतीचा कागद सही करून घ्यायचा, आणि त्यातलं एक वाक्य मी शेकडो वेळा मोठ्याने वाचून दाखवलेलं आहे: तुमची माहिती तुमच्या परवानगीशिवाय कोणालाही, घरच्यांनाही, सांगितली जाणार नाही.

त्या पोरींमध्ये एक ठाण्यातल्याच कोपरीची होती. एकोणीस वर्षांची, काटकुळी, डाव्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेलेली. चिठ्ठीत तिच्या वाट्याला पूर्ण विश्रांती आली. तिने वहीत रोज लिहिलं, "आज धावले नाही." अक्षर सुंदर. तिसऱ्या आठवड्यात मी तिचा पाय हातात घेतला आणि टाचेवर ताजा फोड दिसला. घरात बसलेल्या माणसाच्या टाचेला फोड येत नाही.

"धावतेस?"

"नाय मॅडम. आईशप्पथ."

मी अंगठा तिच्या नडगीवर ठेवला आणि जिथे चीर होती तिथेच दाबला. ती किंचाळली. मी आणखी दाबला. तपासणी म्हणून एकदा दाबायचं असतं. दुसऱ्यांदा मी रागाने दाबलं, हे मला तेव्हाही कळत होतं. बाहेर बाकड्यावर बसलेले मॅरेथॉनवाले दाराकडे बघायला लागले. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ती म्हणाली, "भरती तोंडावर आलीय. मी थांबलेली ना दोन आठवडे. अजून किती थांबू?"

ती गेल्यावर मी तिच्या वडिलांना फोन केला. तुमची मुलगी खोटं बोलते, चीर गेलेल्या डाव्या नडगीवर चोरून धावते, हाड मोडलं की भरतीही गेली आणि लग्नही गेलं, असं सगळं सुनावलं. ते फक्त म्हणाले, "बघतो." पुढच्या खेपेला ती वडिलांबरोबर आली. मान खाली. त्या दिवसापासून ती एक दिवसही धावली नाही आणि हाड छान जुळलं. आमच्या खोलीत मी फुशारकी मारली, "बघा, घरच्यांच्या कानावर घातलं की गाडी कशी रुळावर येते."   नियम मी मोडला होता, पण वही तिचीच सगळ्यांत चोख निघाली होती.

भरतीत ती थोड्या गुणांनी हुकली. मग वडिलांनी तिचं लग्न लावून दिलं, हे मला नंतर कळलं.

दोन-एक वर्षांनी धावणाऱ्यांचा अभ्यास संपला आणि मला गरोदर बायकांच्या अभ्यासावर टाकलं. एक पूरक कॅप्सूल होती. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या सगळ्यांनाच मिळायच्या, ही त्याशिवायची. निम्म्या बायकांच्या बाटलीत खरी कॅप्सूल, निम्म्यांच्या बाटलीत तशीच दिसणारी, आत नुसतं पीठ. कोणाला काय मिळालं ते बाईलाही माहीत नसायचं आणि मलाही नाही. बाटलीत पस्तीस कॅप्सूल. तीस दिवसांनी बाटली परत आणायची, आत पाच उरलेल्या असायला हव्यात. मोजायचं काम माझं. मी स्टीलच्या ताटलीत कॅप्सूल ओतायचे आणि भाजीवाली वाटाणे निवडते तशी बोटाने एकेक बाजूला सारायचे.

एक दिवस ती दारात उभी. तिसरा महिना, अंगावर चरबी नाही, गळ्यात नवं मंगळसूत्र.

"मॅडम? तुम्ही तर पायाच्या ना? पोटात कुठे घुसलात?"

मला हसू आलं. मला ती आवडायची. हे आधी सांगायला हवं होतं. सासर कळव्याला होतं, नवरा भिवंडीच्या एका गोदामात सुपरवायझर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नाव ठाण्यातच घातलं होतं. मी तिला संमतीचा कागद वाचून दाखवला, घरच्यांनाही सांगणार नाही हे वाक्यसुद्धा. तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि सही केली. त्या बघण्याचा अर्थ मी लावला नाही.

तीन महिने तिच्या बाटलीत नेमक्या पाच कॅप्सूल असायच्या. कधी सहा नाही की चार नाही. अनुभवी माणसाला तिथेच संशय यायला हवा, कारण खऱ्या बायका विसरतात, प्रवासाला जातात, त्यांना उलट्या होतात. मी मात्र खूश होते. सातव्या महिन्यात तिने बाटली ताटलीत ओतली आणि कॅप्सूल टपटप पडतच राहिल्या. पस्तीसच्या पस्तीस.

"अय्या," ती म्हणाली, "काढायच्या राहिल्या."

म्हणजे दर महिन्याला ती येण्याआधी बसून, मोजून, कॅप्सूल मोरीत टाकत होती. या वेळी माहेरी राहून तशीच आली, विसरली. मी दार लावलं आणि तिला समोर बसवलं. विचारल्यावर तिने सरळ सांगून टाकलं. तिच्या सासूच्या बहिणीने सांगितलं होतं की ताकदीच्या गोळ्यांनी पोर पोटात फुगतं, मग ते सुटत नाही आणि पोट फाडावं लागतं. तिला पोट फाडून घ्यायचं नव्हतं. टाके पडले की धावणं गेलं. पोर लहान राहिलं तर सुटका सरळ होईल, पाच-सहा महिन्यांत ग्राउंडवर जाता येईल, भरतीचं वय अजून आहे.

"सासूबाई बघतील पोराला. मी विचारून ठेवलंय," ती म्हणाली.

"आणि नवरा?"

"त्यांना नाय माहीत. ते बोलतात लग्न झालं, आता कसली भरती. मॅडम, घरी फोन नका करू हां. तेव्हा तुम्ही बाबांना केलेला, बाबांनी काठी घेतली आणि त्याच पायावर हाणली. तुम्ही जिथे दाबलेलं ना, तिथेच. तुम्हीच बोललेलात त्यांना कुठे दुखतं ते."

हे ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. पत्ता सांगावा तसं सांगत होती. यावर मी काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द आठवतं. मी म्हणाले, "पण मग धावायची थांबलीस ना? हाड जुळलं ना?"

तिने ताटली माझ्याकडे सरकवली.

मग मी तिला समजवायला लागले. कॅप्सूलने पोर फुगत नाही, हे सगळं थोतांड आहे, सिझर होतं त्याची कारणं वेगळी असतात. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग काय होतं तिने?"

"तेच तर बघतोय आम्ही."

"म्हणजे तुम्हालाही नाय माहीत!" ती म्हणाली आणि हसली. पोट धरून हसली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी इतक्या वर्षांची, ती काल-परवाची पोर, आणि माझ्याच टेबलासमोर बसून मला हसते. वर पोटातलं मूल मुद्दाम लहान ठेवते, कशासाठी तर आठशे मीटर धावण्यासाठी. आई आहे की कोण आहे ही? असंच आलं माझ्या मनात. बाळाच्या बाजूने बोलणारं कोणीच नाही, तेव्हा आपणच बोललं पाहिजे, असंही आलं. रागाला असं एखादं चांगलं कारण सापडलं की माझ्यासारखीचं फावतं.

ती गेली. दुपारचे दोन वाजले होते, डबा खाऊन झाला होता, खोलीत पंखा आणि मी. तिच्या फॉर्मवर 'तातडीच्या वेळी संपर्क' या ओळीत नवऱ्याचा नंबर होता. मी फोन लावला. मागे गोदामातला लोखंडी गडगडाट ऐकू येत होता. मी सांगितलं की तुमची बायको चार महिने कॅप्सूल फेकून देते आहे, बाळ वाढू नये म्हणून, आणि बाळंत झाल्यावर तिला भरतीला पळायचंय. "जरा लक्ष ठेवा तिच्यावर," मी म्हणाले.

"ओके मॅडम," तो म्हणाला. "थँक्यू मॅडम."

इतक्या सभ्यपणे म्हणाला की फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. त्या दिवशी घरी जाताना मी कल्हईवाल्याकडून पातेलंसुद्धा आठवणीने आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर पोचले तर लेबर रूमबाहेर तो उभा. मी त्याला एकदाच पाहिलं होतं पण ओळखलं, कारण त्याच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत तिच्या निळ्या चपला होत्या. पिशवीच्या तळाला रक्त साचलं होतं. आत गेले तर, रिक्षातून बरोबर आलेल्या शेजारणीकडून कळलेलं सगळं सिस्टरने सांगितलं. संध्याकाळी तो गोदामातून लवकर निघून कळव्याला घरी आला, ती नुकतीच परतली होती. आधी पट्ट्याने मारलं, पाठीवर, मांड्यांवर. मग केस धरून तिला मोरीपाशी नेलं, त्या दिवशी मिळालेल्या नव्या बाटलीतल्या कॅप्सूल तिच्या तोंडात कोंबल्या, मूठभर एकदम, आणि गिळत नाही म्हणून लाथ घातली. ती ओट्याच्या कडप्प्यावर पोटावर आदळली. वार सुटली, रक्त थांबेना. रक्त जायला लागल्यावर घाबरून त्यानेच रिक्षा बोलावली. रात्री तिचं पोट फाडलं. मुलगी होती. सकाळी मी डोंबिवलीहून निघाले त्या सुमारास बाळ गेलं.

तिच्या बाटलीत खरं औषध होतं की नुसतं पीठ, ते मला आजही माहीत नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही.

मी बाहेर आले आणि त्याच्या कानशिलात लगावली. मग दुसरी. मग हातातली स्टीलची पाण्याची बाटली त्याच्या तोंडावर हाणली, त्याचा ओठ फाटला आणि रक्त शर्टावर उडालं. बायका ओरडायला लागल्या. त्याने माझं मनगट पकडून पिरगाळलं आणि मला भिंतीवर ढकललं. माझं डोकं नोटीस बोर्डाच्या कोपऱ्यावर आपटलं, कपाळावरून गरम काहीतरी डोळ्यात उतरलं. तरी मी थांबले नाही, पुन्हा त्याच्या अंगावर गेले, नखांनी त्याची मान ओरबाडली. दोन वॉचमननी आम्हाला ओढून बाजूला केलं. मी ओरडत होते, "सैतान आहेस तू! पोर मारलीस स्वतःची!"

तो धापा टाकत होता. रडतही होता. मला म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तर बोललात ना, लक्ष ठेवा म्हणून?"

सगळा व्हरांडा माझ्याकडे बघत होता. 

माझ्या कपाळाला दोन टाके घालून मला खोलीत बसवलं. आमच्या प्रमुख डॉक्टरबाई आल्या. पुण्याच्या, तोलून बोलणाऱ्या. अभ्यासातल्या बाईला काही गंभीर झालं की एक फॉर्म भरून वर पाठवायचा असतो, तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "हे बघा, भावनेच्या भरात काही लिहू नका. कॅप्सूलशी याचा संबंध नाही, एवढंच त्यांना हवं असतं. आणि ते खरंच आहे." खरंच होतं. मी तसं लिहिलं. कारणाच्या जागी घरगुती मारहाण लिहिलं. फोनसाठी त्या फॉर्मवर जागा नव्हती, आणि मी जागा केली नाही. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं मी स्वतःला समजावत होते. खोटं. एक काठी आधी पडली होती हे मला आदल्या दिवशीच दुपारी कळलेलं होतं.

हॉस्पिटलच्या चौकीतला हवालदार त्याच दिवशी तिच्याकडे जाऊन आला होता. गुंगीतच तिने सांगितलं, पाय घसरला. डॉक्टरांनी पट्ट्याचे वळ कागदावर नोंदवले होते म्हणून तिसऱ्या दिवशी तो पुन्हा जबाब घ्यायला आला. मी आधीच वॉर्डात जाऊन उभी राहिले. मला वाटलं, तिला आधार हवा असेल. माझ्या कपाळावरची पट्टी तिने पाहिली असेल, मी तिच्यासाठी भांडले हे तिला कळलं असेल, असंही मला वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटत होतं.

खाटेच्या एका बाजूला तिची सासू थर्मास घेऊन बसली होती. दुसऱ्या बाजूला वडील. ती उताणी पडलेली, चेहरा सुजून हळदीसारखा पिवळा, पोटावर हात आडवा. वडील हळूच म्हणत होते, "बाय, घरचं घरात राहू दे. तो पाया पडायला तयार आहे. उद्या तुला नांदायचं तिथंच आहे."  सासूने थर्मासचं झाकण घट्ट धरून ठेवलं होतं.

मी वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "घाबरू नकोस. खरं सांग. मी आहे."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.  मग विचारलं, "किती टाके आहेत मला?"

"आतून-बाहेरून मिळून बरेच. पण धावता येईल. वेळ लागेल, पण येईल. मी स्वतः तुझा व्यायाम घेईन."

"तुम्ही नको," ती म्हणाली.

हवालदार स्टूल ओढून बसला. वयस्क होता, आवाज मऊ. "ताई, पाय घसरला असं लिहिलंय. डॉक्टर म्हणतात पट्ट्याचे वण आहेत. नीट सांगा. कोणी मारलं?"

वडिलांनी घसा खाकरला. दारात डॉक्टरबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, राउंडसाठी. वॉर्डातल्या इतर बायकांनी आपापली बाळं छातीशी धरून इकडे माना वळवल्या.

"पहिल्यापासून सांगू?" तिने विचारलं.

"सांगा की."

तिने खाटेची कड धरली आणि उठून बसायला लागली. टाक्यांवर ताण येऊन तिच्या तोंडातून आवाज निघाला. मी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. बसली, श्वास जमवला आणि बोट माझ्याकडे केलं. माझं नाव घेतलं, आडनावासकट.

"या मॅडमनी मला कागद वाचून दाखवलेला, घरी सांगणार नाही म्हणून. दोनदा वाचलेला. पहिल्या वेळी यांनी बाबांना फोन केला. बाबांनी मला काठीने मारलं, हे बसलेत ते. मी यांना ते सांगितलं. सोमवारी दुपारी सांगितलं, यांच्या खोलीत, दार लावून. त्याच्यानंतर यांनी माझ्या नवऱ्याला फोन केला."

हवालदार लिहिता लिहिता थांबला. वडील उठून उभे राहिले, पुन्हा बसले. दारातल्या डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांची मान अगदी थोडीशी, कोणाला दिसू नये इतकी, नाही अशी हलली. नाही म्हटलं असतं तर निभावलं असतं. फोनची नोंद नवऱ्याच्या मोबाइलमध्ये होती, पण अपॉइंटमेंटची आठवण करून दिली असं म्हणता आलं असतं. नोकरी राहिली असती.

"मॅडम, बरोबर आहे का हे?" हवालदाराने विचारलं. "फोन तुम्ही केला होता?"

"हो," मी म्हणाले. "दोन्ही वेळा. दुसऱ्या वेळी, मारतील हे माहीत असताना."

त्याने ते सावकाश लिहिलं. पेन कागदावर घासल्याचा आवाज त्या वॉर्डात सगळ्यांना ऐकू जात होता. तिने त्याचं लिहिणं संपेपर्यंत वाट पाहिली, ओळीवर नजर ठेवून, आणि मगच बोलली.

"लिहिलंत? आता नवऱ्याचं नाव लिहा."